अर्धी नादारी

चांद्याच्या कॉलेजातून मी बी.ए. झालो. आमच्या गावात तोवर कोणी मॅट्रिकची पायरीसुद्धा चढलं नव्हतं, म्हणून ही गोष्ट मी छाती काढून सांगतो आणि सांगत राहणार. लोक विचारतात, त्या काळात, त्या जंगलातून येऊन शिकलात कसे, पैसा कुठून आणला? खरं सांगायचं तर पैसा आमच्या घरी नव्हताच. धान होतं.

हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. तेव्हा आमचा जिल्हा चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि गडचिरोली ही त्याची एक तहसील. गडचिरोलीहून सकाळी बैलबंडी जुंपली की दुपारच्या जेवणापर्यंत आमचं गाव येई. एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि बाकी सगळीकडं जंगल. घरात बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली धानाची ढोली असायची माणसापेक्षा उंच, आणि वर्षाचा सगळा व्यवहार त्या ढोलीच्या तोंडातून व्हायचा. लोहार फाळ पाजवून द्यायचा, त्याला धान. न्हाव्याला धान, कुंभाराला धान, पाय मुरगळला तर चोळून देणाऱ्या म्हातारीला धान. मीठ, रॉकेल आणि कापड या तीनच गोष्टींना नाणं लागायचं. त्यासाठी माय मोहफुलं नाहीतर चारोळी घेऊन बाजारात जायची, ते विकून तेवढंच सामान घेऊन यायची. नाणं आमच्या घरी मुक्कामाला क्वचितच राहिलं. आलं की त्याच दिवशी निघालं.

अशा घरात कॉलेज शिरलं. धान न घेणारी इतकी मोठी वस्तू आमच्या घरानं पहिल्यांदाच पाहिली.

राहण्याची सोय मात्र धानावरच झाली. चांद्याच्या परकोटाच्या आत एक मुसलमान शिंपी होते, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. दुकानामागं त्यांची एक खोली रिकामी होती. बाबा मला सोडायला आले तेव्हा त्यांनी चाचांपुढं तांदळाची पुरचुंडी सोडली आणि म्हणाले, भाडं याच्यात घ्याल तर पोट्टा ठेवतो. चाचांनी चार दाणे तोंडात टाकले, चावले, आत चाचीला नेऊन दाखवले आणि बाहेर येऊन सांगितलं, खोली आजपासून याची. मायला एकच काळजी होती, मी रांधणार कुठं? चाचीनं परसात मला वेगळी चूल मांडून दिली. पहिल्या महिन्यात मी त्या चुलीवर भात करपवला, दुसऱ्या महिन्यात कच्चा ठेवला आणि तिसऱ्या महिन्यापासून चाचीच्या चुलीवरचं खाऊ लागलो. मायला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मले मालूमच होतं.

संध्याकाळी मी चाचांच्या दुकानात काज करायला बसायचो. काज म्हणजे सदऱ्यावर बटणासाठी जे भोक असतं, त्याच्या कडा दोऱ्यानं बांधून घेणं. दिसायला सोपं, पण टाके एकमेकांना खेटून बसले नाहीत तर धुण्यात सुटतात. चाचा माझे काज भिंगासारखे डोळे करून पाहायचे आणि म्हणायचे, "बेटा, ये काज है या चूहे का बिल?" हळूहळू माझा हात बसला. अजूनही कोणाचा सदरा पाहिला की माझी नजर आधी काजावर जाते. त्या काजांचे चाचा मला पैसे द्यायचे. माझ्या वह्या, दौत, कंदिलाचं तेल त्यातून निघायचं.

पहिल्या टर्मची फी मायची त्या सालची सगळी चारोळी विकून भरली. दुसऱ्या टर्मची दिवाळीनंतर भरायची होती. नाही भरली तर पटावरून नाव कमी. मी कॉलेजच्या बाबूकडं मुदत मागायला गेलो. बाबू भला माणूस होता. म्हणाला, मुदत कशाला मागतोस, नादारीचा अर्ज कर ना. पूर्ण नादारी मिळाली तर सगळी फी माफ, अर्धी मिळाली तर अर्धी. फक्त बापाचं बयान लागेल आणि त्यावर तहसीलीचा शिक्का.

मी मान हलवली, पण तो शब्द माझ्या कानात रुतला.

आमच्या गावात नादार हा शब्द होता, आणि तो एकाच माणसासाठी होता. आमच्याकडं पेरणीच्या वेळी कोणाकडं बियाण्याचं धान कमी पडलं तर शेजारी देतो आणि पीक निघालं की घेणारा ते परत करतो, वर सुपभर जास्त टाकून. कागद नाही, साक्षी नाही. माझ्या लहानपणी एका माणसानं असं धान बऱ्याच घरून घेतलं आणि लागोपाठ काही सालं कोणालाच परत केलं नाही. पीक चांगलं आलं त्या सालीही केलं नाही. शेवटी पंच बसले आणि त्याला नादार म्हणून टाकलं. त्याला मारलं नाही, दंड केला नाही. फक्त त्या दिवसापासून त्याला कोणी बियाणं देईना, रोवण्याला, म्हणजे लावणीला, हाताशी बोलावीना, आणि त्याच्या पोरीला कोणी मागणं घालीना. तो बायकापोरं घेऊन अहेरीकडं निघून गेला. पण तो गेल्यावरही त्याची बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं छोटं तळं, ती 'नादाराची बोडी' म्हणूनच राहिली. गुरं त्या पाण्यावर जायची, पण बायका तिथं धुणं न्यायच्या नाहीत.

हे सगळं मी चाचांना सांगितलं. ते कात्री खाली ठेवून हसले. म्हणाले, "अरे, ना-दार. जिसके पास नहीं है, वो नादार. बस. इसमें गाली कहाँ से आ गई?" मला बरं वाटलं. कॉलेजच्या बाबूचा अर्थही तोच असणार. ऑफिसातला शब्द ऑफिसातच राहील असं मी धरून चाललो.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो. लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं, उशिरा येणारं भारी धान उभं होतं. अशा दिवसांत कास्तकार बांधी सोडून कुठं जात नाही, पण बाबा माझ्यासाठी गडचिरोलीला निघाले. धोतर धुतलेलं नेसले. तहसीलीच्या वऱ्हांड्यात अर्जनवीस पेटी पुढं मांडून बसायचे. त्यातल्या एकाला आम्ही काम सांगितलं. त्याची लेखणी अशी चालली की जणू गावोगावचे बाप नादारी मागायला रोजच येत होते. मग शाईची चिंधी पुढं केली. बाबांनी अंगठा शाईत बुडवला आणि म्हणाले, "वाचा जी."

बाबांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून ऐकल्याशिवाय ते कशावरही अंगठा करायचे नाहीत. अर्जनवीसानं एका दमात वाचलं: मी खाली अंगठा करणार, मौजे अमुक, लिहून देतो की मी नादार इसम असून मुलाच्या शिक्षणाचा खर्च करण्यास असमर्थ आहे...

शाईचा अंगठा तसाच वर राहिला.

"कोन नादार?" बाबा म्हणाले.

"तुम्हीच."

"मले नादार कोनं म्हनलं?"

"कोणी म्हणत नाही हो भाऊ. लिहावं लागतं. नाहीतर फी माफ कशी होईल?"

"मी कोनाचं बुडवलं ते दाखवा, मंग लिवा."

वऱ्हांड्यातले लोक सरकून जवळ आले. शेजारच्या गावचा एक म्हातारा, जो स्वतः कसल्याशा कामासाठी सकाळपासून ताटकळत बसला होता, तो बाबांना समजावू लागला. कागदच तर आहे, लावून टाका अंगठा, असं त्याचं म्हणणं. "माह्या चुलतभावानं मले पटवाऱ्याच्या कागदात मारून टाकलं. पाच सालं झाली. मी जेवून राह्यलो ना अजून?" सगळे हसले. अर्जनवीसानंही नमतं घेतलं. म्हणाला, बरं, पूर्ण नको तर अर्ध्या नादारीचा लिहून देतो, मग तर झालं?

बाबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "अर्धा नादार कसा असते जी? कमरेच्या वरचा का खालचा?"

पुन्हा हशा पिकला. बाबा हसले नाहीत. त्यांनी वऱ्हांड्याच्या खांबाला अंगठा पुसला, अर्जनवीसाला त्याच्या मेहनतीचे पैसे दिले आणि पायऱ्या उतरले. मी मागोमाग.

वाटेत मी चाचांनी सांगितलेला अर्थ बाबांना सांगितला. ज्याच्याजवळ नाही तो नादार, एवढंच. ते ऐकून घेत चालत होते. नाल्याजवळ पाणी प्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "त्यायच्या भाषेत नसन गाली. आपल्या गावात हाय. आन मले राहाचं गावात हाय." मग माझ्याकडं न पाहता, "घरी दोन पोरी हायेत बापू."

माझ्या पाठच्या दोन बहिणी. एकीचं त्या सालीच पाहायचं होतं. तहसीलीच्या वऱ्हांड्यात आमच्या पंचक्रोशीतली माणसं होती, आणि तिथं बोललेलं बाजारापर्यंत पोचायला वेळ लागत नव्हता. मला बाबांचा राग आला नाही. कोंडी झाली एवढंच कळत होतं. त्यांनी अंगठा दिला तर पोरींच्या वाटेवर ती बोडी आडवी येणार. नाही दिला तर माझं कॉलेज संपलं. आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोत मॅट्रिक झालेल्या पोराला मुन्शीची जागा सहज मिळत होती. सागाच्या गोलावर, म्हणजे ओंडक्यावर, नंबर टाकायचा आणि वहीत चढवायचा. मामानं तर ठेकेदाराशी बोलूनही ठेवलं होतं. वाईट काम नव्हतं ते. पण मला नको होतं. मला पुस्तकं पाहिजे होती, आणि हे मी पहिल्यांदाच त्या संध्याकाळी घरात मोठ्यानं बोललो.

माय सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं तहसीलीत काय झालं ते सगळं विचारून घेतलं, कोण काय म्हणालं, कोण हसलं. मग म्हणाली, त्या अर्जनवीसानं जे लिहिलं ते खोटं आहे, बरोबर? बाबा म्हणाले, हो. "मंग खरं काय हाय ते आपन लिवू. हाय काय त्यात?"

बाबांना ते पटायला वेळ लागला. खरं काय आहे हे त्यांना कधी कोणी कागदावर विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंगणात बसले, मला कागद घ्यायला लावला आणि एकेक वाक्य विचार करून सांगितलं. मी ते शाळेच्या भाषेत घालू लागलो तर त्यांनी वाचायला लावून पकडलं. "माह्या तोंडचं लिव. तुह्या तोंडचं तू मोठा झाल्यावर लिवजो."

तो मजकूर मला पाठ आहे.

"माह्या घरी धान हाय. खायाले पुरते, पाव्हन्याले पुरते. मी कोनाचं बुडवलं नाई. पन कालेज धान घेत नाई आन माह्याजवळ रोकड नाई. पोट्टा हुशार हाय. माह्या धानाचा चुरना होयेपर्यंत सरकारनं थांबावं."

चुरणा म्हणजे मळणी. खाली अंगठा.

पुढल्या बाजारच्या दिवशी आम्ही पुन्हा तहसीलीत. या वेळी अर्जनवीसांच्या पेट्यांना वळसा घालून सरळ नायब तहसीलदारांच्या दारात उभे राहिलो. नायब साहेब नागपूरकडचे, तरुण होते. त्यांनी कागद वाचला, मग पुन्हा वाचला, आणि बाबांना बसायला स्टूल द्यायला लावलं. मला त्याचंच फार वाटलं. विचारलं, चुरणा कधी होईल? बाबा म्हणाले, संक्रांतीच्या आगेमागे. साहेब म्हणाले, आणि सरकारनं धान घेतलं तर ठेवायचं कुठं? बाबांनी गंभीरपणे विचारलं, "एवढ्या मोठ्या सरकारजवळ एक ढोली नाई?" साहेब हसले ते बराच वेळ. पण त्यांनी कागदाखाली लिहिलं, मजकूर खरा आहे, आणि शिक्का मारून दिला. जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की याच्यावर पूर्ण नादारी कोणी देणार नाही. अर्धी मिळाली तर नशीब समज.

अर्धीच मिळाली. कॉलेजच्या फलकावर यादी लागली आणि माझं नाव अर्ध्यांत होतं. शहरातली पोरं चिडवायची, याचा डावा हात फुकट शिकतो, उजवा फी भरतो. मी हसून घ्यायचो. माझ्या अर्ध्या फीचे पैसे हलकं धान विकून आणि काजांच्या कमाईतून उभे झाले, आणि ते भरून मी पावती चाचांना दाखवली. चाचीनं त्या दिवशी खीर केली.

घरी मी कार्ड टाकलं: अर्धी फी माफ झाली, अर्धी भरली, नाव पटावर राहिलं. आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांनी ते बाबांना वाचून दाखवलं. मास्तरांनी नंतर मला सांगितलं की बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "माफ म्हंजे थांबली ना?" मास्तर घाईत होते. म्हणाले, हो, तसंच काहीसं.

इथं बाबांची चूक झाली, पण त्यांच्या हिशेबानं ती चूक नव्हतीच. त्यांनी कागदावर सरकारला थांबायला सांगितलं होतं. साहेबानं सही करून कागद खरा केला होता. मग अर्धी फी सरकारनं थांबवली होती, चुरणा होईपर्यंत. सरळ गोष्ट होती.

संक्रांत होऊन गेली होती. मी इतिहासाच्या तासाला बसलो होतो. शिपाई दारात आला आणि गुरुजींची परवानगी न घेताच मला म्हणाला, "तुझे बाबा आले. अन् बैलं आपल्या बगीच्यात चरून राह्यले."

धावत बाहेर आलो. कॉलेजच्या फाटकाच्या आत आमची बंडी उभी होती. वैनगंगेच्या पात्रातून, मूल गावावरून, वाटेत मुक्काम करत बाबा चांद्यापर्यंत आले होते. बैल सोडलेले, त्यातला एक शांतपणे शेवंती खात होता. बंडीत तांदळाची पोती. आणि बाबा धुतलेल्या धोतरात, डोक्याला पागोटं बांधून, वऱ्हांड्याच्या पायरीखाली उभे. तासातली निम्मी पोरं माझ्यामागं आली होती.

मी विचारलं, बाबा, हे काय? ते म्हणाले, बाकी आणली.

प्रिन्सिपल साहेब बाहेर आले. त्यांना आधी वाटलं की मुलासाठी तांदूळ आणला आहे, आणि ते खोलीवर पोचवायला शिपाई देतो म्हणाले. बाबांनी सांगितलं, हा कॉलेजचा आहे, थांबलेल्या अर्ध्या फीचा. साहेब समजुतीनं म्हणाले, "अहो, ती फी परत करायची नसते. ती माफ केली आहे."

"साहेब, कागदावर मी थांबा म्हनलं होतं. सोडा म्हनलं नाई."

साहेबांना तो कागद आठवत होता. तसा दुसरा अर्ज त्यांच्याकडं आलाच नव्हता. ते म्हणाले, पण कॉलेजला धान्य घेता येत नाही, त्याची पावती कशाची करणार?

"मंग माफी वापस घ्या," बाबा म्हणाले.

माफी परत गेली तर उरलेली फी रोकडीत आजच भरावी लागणार, आणि माझ्या खिशात तेव्हा एक आणाही नव्हता. फीचा बाबू खिडकीतून मला हातानं खुणावत होता की बापाला गप्प कर. मी केलं नाही. तहसीलीच्या खांबाला पुसलेला तो अंगठा मी पाहिला होता. मी बाबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बस, एवढंच माझ्या हाती होतं.

साहेबांनी बंडीतल्या पोत्यांकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तांदूळ नवा आहे?"

बाबांना तो प्रश्न लागला. "नवा मी कोनाले देतो काय जी? नव्याचा भात गिचका होते. मागच्या सालचा हाय. नवा ढोलीत पडला तवाच जुना मोकळा झाला, म्हनून तं चुरन्यापर्यंत थांबा म्हनलं."

हे मलाही तोवर कळलं नव्हतं. माय आणि बहिणी घरी नवा तांदूळ खाणार होत्या, आणि मुरलेला जुना इथं बंडीत आला होता.

कॉलेजच्या मागं बाहेरगावच्या मुलांसाठी एक बोर्डिंग होतं. वर्गणी आणि लोकांनी दिलेल्या धान्यावर ते चालायचं आणि नेहमी तुटीत असायचं. साहेब म्हणाले, कॉलेज घेऊ शकत नाही, पण बोर्डिंग घेऊ शकतं. तुमची अर्धी फी या मुलांच्या ताटात जमा होईल. चालेल? बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग बाबा म्हणाले, चालते. पण मोजून घ्या.

बोर्डिंगच्या व्यवस्थापकानं मोजून घेतलं. पोती आत गेली. बैल फुलांपासून दूर बांधले गेले. साहेब आत जायला वळले, तरी बाबा हलेनात. पोरं एकमेकांकडं पाहू लागली. साहेबांनी विचारलं, अजून काही राहिलं का?

"म्हना ना जी," बाबा म्हणाले.

"काय म्हणू?"

बाबा माझ्याकडं पाहू लागले. मग मलाच सांगावं लागलं. आमच्या गावात उसनं धान परत केलं की देणाऱ्यानं चार लोकांसमोर तोंडानं 'फिटलं' म्हणायचं असतं. ते म्हटल्याशिवाय ते डोक्यावरून उतरत नाही, माप कितीही भरलं तरी. एवढ्या लोकांपुढं हे सांगताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही.

प्रिन्सिपल साहेब शिकलेला, मोठा माणूस. ते वऱ्हांड्याच्या पायऱ्या उतरून खाली मातीत आले, बाबांसमोर उभे राहिले आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, फिटलं."

बाबांनी पागोटं सोडून खांद्यावर घेतलं. मी त्यांना इतका वेळ ताठ उभं राहिलेलं आणि मग असं सैल झालेलं आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही.

साहेबांनी त्यांना बोर्डिंगात मुलांच्या पंगतीला जेवायला बसवलं. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मला डावा-उजवा म्हणून चिडवणारा पोरगा. तो कधीमधी बोर्डिंगात जेवायला येत असे. त्यानं बाबांना विचारलं, काका, तुमच्याकडं वाघ दिसते का? बाबा म्हणाले, "दिसते. पन तो फी मांगत नाई." पंगत हसली, आणि तो पोरगा सगळ्यांत मोठ्यानं.

भात त्याच तांदळाचा होता. बाबांनी पहिला घास घेतला, चावला आणि थांबले. दुसरा घास घेतला. मग वाढायला आलेल्या आचाऱ्याला म्हणाले, "महाराज, बजारच्या तांदळाचं पानी टाकलं तुमी. जुना तांदूळ जास्त पानी मांगते. पोट्ट्यायच्या दाताखाली येऊन राह्यला पाहा."

आचारी कुरकुरला की पन्नास जणांचा भात आणि एकाची चव, असं कसं चालेल. बाबांनी ताटातलं सगळं संपवलं, एक शीतही ठेवलं नाही. मग उठले, हात धुतले आणि संध्याकाळच्या भाताला पाणी किती घालायचं ते दाखवायला आचाऱ्याच्या मागं स्वयंपाकघरात शिरले.